आरशासमोरचा साहेब

माझ्या भाऊजींना अख्खा रस्ता ‘रेडिओ’ म्हणतो. त्यांचं सलून आहे. सकाळी शटर वर गेलं की त्यांचं तोंड उघडतं आणि शटर खाली आल्यावरही मिटेलच असं नाही. गिऱ्हाईक खुर्चीत झोपलं तरी हे बोलतच असतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं माझ्या भाऊजींसारख्याच कुणाकडून तरी दाढी करून घेतली असणार.

मी शेजारच्या गाळ्यात बसते. लोकांचे घट्ट झालेले कपडे सैल करणं, सैल झालेले घट्ट करणं, चेन बदलणं, फाटलेलं रफू करणं, हे माझं काम. मधली भिंत प्लायवूडची. भिंतीला कान असतात म्हणतात; या भिंतीला तोंड आहे आणि ते दिवसभर माझं डोकं खातं. त्यात पाण्याचा नळ सलूनच्या मागच्या बाजूला, त्यामुळे घोटभर पाणी प्यायचं तरी मला तिथून जावं लागतं आणि सगळं बघावं लागतं. फरशीवर दहा जणांच्या केसांचा मिळून झालेला गोळा, बेसिनला चिकटून सुकलेला फेस, आणि वर्तमानपत्राचं पान उलटायला जिभेला लावलेला भाऊजींचा अंगठा. त्याच अंगठ्यानं पुढच्या क्षणी गिऱ्हाइकाच्या मिशीला वळण दिलं जातं. गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले असतात, माझे नसतात.

अशा माणसाच्या गळ्यात माझ्या ताईनं आपण होऊन माळ घातली. “बोलका आहे गं, घर भरलेलं राहील,” असं म्हणाली होती. घर भरलंच, इतकं की तिला स्वतःला बोलायला जागा उरली नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना मुलगा झाला. भाऊजींनी पहिल्या दिवसापासून त्याला ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केली. ढुंगणाला चड्डी नाही आणि नाव साहेब. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे आणि मग मोबाईल काढून खरोखरच पायांचे फोटो दाखवायचे. ताई सकाळी एका कारखान्यात डबे भरायला जाते, म्हणून साहेब दुपारपर्यंत सलूनमध्ये असायचे. दुपारी ताई यायची, त्याला कडेवर घ्यायची आणि माझ्या गाळ्यात येऊन एकच प्रश्न विचारायची.

“बोलेल ना गं हा?”

कारण साहेब अडीच वर्षांचे होत आले होते आणि त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. आ, ऊ आणि हवं ते मिळालं नाही तर किंकाळी. बस्स.

आमच्या वरच्या मजल्यावर इस्त्रीवाली राहते. तिची लेक चिमणी साहेबांपेक्षा दोनच महिन्यांनी मोठी, आणि ती माझ्या मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगात वाढली. मला स्वतःला पोर नाही, त्यामुळे बघायला वेळ भरपूर. रांगायलाही लागली नव्हती तेव्हा जिन्यात आईचा आवाज आला की ती बाटली चोखायची थांबायची. मग नाव घेतलं की मान वळायला लागली. मग “दिवा कुठाय?” म्हटलं की वर बघायला लागली, आणि हे सगळं तोंडात धड एक अक्षर नसताना. वर्षाची झाल्यावर “कात्रीला हात लावायचा नाही” हे तिला पक्कं कळलं. कळलं हे मला कशावरून कळलं? तर ती माझ्याकडे टक लावून बघत बघत कात्रीला हात लावायची. दोन वर्षांची होईपर्यंत “निळं रीळ आण, काळं नको” म्हटलं की निळंच आणायची. आता तर मी आणि तिची आई तिच्याविषयी काही बोलायला लागलो की ती खेळणं तसंच हातात धरून गप्प बसते आणि आम्हाला आवाज खाली आणावा लागतो. बोलणं तिला नंतर आलं, सावकाश, बोबडं. कळणं त्याच्या कितीतरी आधी येऊन बसलं होतं.

म्हणून “बोलत नाही, पण कळतं सगळं” असं भाऊजी म्हणायचे तेव्हा ते खोटं वाटायचं नाही. तोच तर वांधा झाला.

आणि पुरावा म्हणून रोजचा खेळ होताच. त्या खेळाची मला इतकी शिसारी होती की नळावर जायची वेळ मी तो टाळून ठरवायचे. सलूनमध्ये समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना मोठे आरसे होते. खुर्चीच्या हातांवर लहान मुलांसाठी आडवी फळी टाकतात, तिच्यावर साहेबांना बसवायचं, केसांवर पाणी मारायचं, भांग पाडायचा, गळ्यात टॉवेल. भाऊजी खुर्चीच्या मागे, हातात कंगवा, नजर आरशात.

“साहेब, नाक कुठाय?”

साहेबांचं बोट नाकावर.

“कान कुठाय?” बोट कानावर. मग डोळा, मग पोट, आणि शेवटी “काकांना टाटा करा”. रोज हेच आणि याच क्रमानं. गिऱ्हाइकं अर्ध्या केलेल्या दाढीनं टाळ्या वाजवायची, साहेबांच्या तोंडात बिस्कीट कोंबलं जायचं, त्या बिस्किटाला बापाच्या हातावरचे गिऱ्हाइकांचे केस चिकटलेले असायचे. पोर ते केस जिभेनं बाहेर ढकलत बसायचं आणि बाप आपलीच पाठ थोपटून घ्यायचा.

“काय डोकं आहे! एकदा सांगितलं की संपलं.”

कुणी तरी विचारायचंच, की अजून बोलत कसा नाही. त्यावर दुसरं कुणी तरी उत्तर द्यायचं की माझा मेव्हणा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आज वकील आहे. प्रत्येकाच्या खिशात असा एक उशिरा बोललेला नातेवाईक असतोच, आणि तो दर वेळी वकीलच झालेला असतो. अशा लोकांच्या तोंडावर ओला टॉवेल आपटावा असं मला वाटायचं.

ताईनं दोनतीनदा विषय काढला. मी भिंतीतून ऐकलंय. “एकदा कुणाला तरी दाखवून आणू या का?”

“काय दाखवायचं? नाक दाखवतो, कान दाखवतो, आणखी काय दाखवायचं राहिलं?” स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसणं. “डॉक्टरकडे नेलं की नसलेला रोग चिकटवून पाठवतात. मग तोच शिक्का जन्मभर. उगाच काहीतरी.”

ताई विषय सोडून द्यायची. आमच्या ताईला बोलता येत नाही असं नाही, पण रेडिओसमोर बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मध्येच एका गिऱ्हाइकानं तो नाक-कान-डोळ्यांचा खेळ मोबाईलवर घेतला आणि तो पुष्कळ लोकांनी बघितला. झालं. आता लोक दाढी वाढलेली नसतानाही यायला लागले. धंदा वाढला, तशी भाऊजींना नव्या आरशांची स्वप्नं पडायला लागली. कडेनं दिवे असलेले, गोल कोपऱ्यांचे. “पडद्यावर दिसणारी जागा जरा बरी नको का?” असं मला म्हणाले. पोराला बोलता येत नाही आणि याला आरसे हवेत. मी सुईत दोरा ओवत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर सुईपेक्षा टोकदार काहीतरी निघालं असतं.

नवे आरसे बसवायचे त्या दिवशी ताईला सुट्टी होती. आम्ही सगळेच सलूनमध्ये जमलो होतो: मी, ताई, इस्त्रीवालीची चिमणी. काचवाल्यानं पोराच्या समोरचा आरसा आधीच काढून बाहेर ठेवला होता. त्याच्या जागी उरली होती नुसती भिंत, खिळ्यांची भोकं आणि आरशाआड वर्षानुवर्षं वाढलेली काळी बुरशी. तिचा असा कुबट वास सुटला होता की मी पदर नाकाला लावला. साहेब फळीवर बसून त्या भिंतीकडे तोंड करून बिस्कीट खात होते. आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे.

काचवाला मागचा आरसा उतरवत होता. एक टोक सुटलं, तो ओरडला आणि तो दाराएवढा आरसा फरशीवर आला.

आवाज असा झाला की समोरच्या फुटपाथवरचे लोक धावत आले. मी दाराला धडकले. चिमणीनं गळा काढला आणि माझ्या पायांना मिठी मारली. ताईच्या हातातला ग्लास पडला. काचवाला कपाळाला हात लावून बसला.

साहेब बिस्कीट खात होते. मान हलली नाही, खांदा हलला नाही, चावणं थांबलं नाही.

“बघितलं?” भाऊजी ओरडले. काचा अजून घरंगळत होत्या आणि हा माणूस दारात जमलेल्या लोकांकडे वळून ओरडत होता. “बघितलं का? वाघ आहे वाघ! जरा तरी दचकला? आहे कुणाचं असं धीट पोर?”

आयुष्यात मी बरीच घाण पाहिली आहे. लोकांचे न धुतलेले कपडे माझ्याकडे येतात. पण त्या क्षणी माझ्या भाऊजींच्या तोंडावर जो अभिमान होता, तसं किळसवाणं मी काही पाहिलेलं नाही.

ताई जागची हलली नाही. खुर्चीच्या मागे उभी राहून हळूच म्हणाली, “बाळा.” मग जरा मोठ्यानं, “बाळा.” मग तिनं अशी हाक मारली की दारातले लोक दचकले. साहेबांनी बिस्कीट संपवलं, बोटं चोखली आणि आणखी हवं म्हणून आपणहून मागे वळले. तेव्हा त्यांना फरशीवरच्या काचा दिसल्या, आमचे सगळ्यांचे चेहरे दिसले, रडणारी चिमणी दिसली. ते बघून मग ते घाबरले आणि रडायला लागले.

चिमणी आपलं रडणं थांबवून त्याच्याकडे गेली आणि तिनं नेहमीसारखा आधी त्याचा पाय धरून हलवला, त्यानं खाली बघितल्यावर मग म्हणाली, “काच फुटली.” नेहमीसारखा म्हणजे काय, ते मला तिथं उभ्या उभ्या लक्षात आलं. त्या पोरीनं त्याला कधी हाक मारलेलीच नव्हती. आधी हात लावायची, मग बोलायची. तिला जे ठाऊक होतं ते आम्हा मोठ्यांच्या गावी नव्हतं. दोन्ही बाजूंना आरसे होते तोवर त्याला येणारा जाणारा प्रत्येक माणूस दिसायचा, म्हणून तो वेळेवर वळायचा, हसायचा, हात करायचा. आम्हाला वाटायचं ऐकतोय.

भाऊजींनी त्या संध्याकाळी काय केलं ते सांगते. दुसऱ्या बापानं पोराला उचलून दवाखाना गाठला असता. यांनी कान कोरायची काडी काढली. “मळ असेल,” म्हणाले. “माझ्या खुर्चीत अशी किती तरी माणसं येतात. मळ काढला की टकाटक.” पोराला मांड्यांत दाबून धरलं, कानात कोमट तेल ओतलं आणि जी काडी सकाळी कुणाच्या तरी कानात होती ती त्याच्या कानात घातली. पोर किंचाळत होतं. ताई स्वयंपाकघरातून आली, तिनं ती काडी हिसकावली, खिडकीतून फेकली आणि म्हणाली, “उद्या मी याला घेऊन जाणार. तुम्ही यायचं तर या.”

ते आले. न येऊन कसं चालेल, रेडिओ आहेत. मलाही ताईनं सोबत नेलं.

मोठ्या दवाखान्यात कान तपासायची एक जाड भिंतींची बंद खोली असते. आत ताई साहेबांना मांडीवर घेऊन बसली, साहेबांच्या डोक्यावर हेडफोन, समोर एक डबा आणि ठोकळे. मध्ये काचेची खिडकी. अलीकडे यंत्रासमोर तपासणारी मुलगी, आणि तिच्या पाठीमागे मी आणि भाऊजी. खेळ साधा होता. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, नाही आला तर ठोकळा गालाशी धरून थांबायचं. मुलीनं आत जाऊन हात धरून त्याला शिकवलं, मग बाहेर येऊन बटण दाबायला लागली. बटण दाबलं की यंत्रावर बारीक हिरवा दिवा लागायचा.

दिवा लागला, साहेबांनी ठोकळा टाकला. पुन्हा लागला, पुन्हा टाकला. मुलीनं आवाज कमी केला. तरी टाकला. आणखी कमी केला. तरी टाकला. मुलगी हसून म्हणाली, “चांगलं ऐकतोय की! उगाच घाबरलात तुम्ही.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. क्षणभरच. ताईकडे बघावं म्हणून मी काचेत पाहिलं तर ताई हसत नव्हती. ती माझ्या शेजारी बघत होती. मी मान वळवली.

हिरवा दिवा लागला की भाऊजी कंगव्यानं नाक खाजवत होते.

कंगवा. घरून आणला होता. वरच्या खिशात घालून. दिवा लागला की कंगवा नाकावर, आणि आतून पोर बापाकडे एकटक बघत ठोकळा टाकत होतं. रोजच्यासारखं. मला एकदम ते सगळे दिवस आठवले. आरशात बघत “नाक कुठाय?” विचारताना याच कंगव्याचं टोक नाकाशी, “कान कुठाय?” म्हणताना कानामागे, पोटाच्या वेळी पोटावर. गिऱ्हाइकं पोराकडे बघत राहायची. बापाकडे कोण बघतो? आमच्याकडे पाठ करून बसलेल्या मुलीला हे दिसणार नव्हतं, ती कागदावर ‘ठीक’ लिहिणार होती, आणि त्या एका शब्दावर ते पोर आणखी कितीतरी वर्षं आरशासमोर बसून नाक दाखवत राहणार होतं.

मी तोंड उघडायच्या आत खोलीचं दार उघडलं. ताईनं साहेबांना खुर्चीवर ठेवलं होतं. ती बाहेर आली, भाऊजींचे दोन्ही खांदे दाबून त्यांना स्टुलावर बसवलं, स्वतःच्या खांद्यावरचा पोराचा टॉवेल त्यांच्या डोक्यावरून टाकला आणि गळ्याशी टोकं आवळून माझ्या हातात दिली.

“धर घट्ट. सुटू देऊ नकोस,” मला म्हणाली. आणि टॉवेलला म्हणाली, “मान हलवायची नाही.”

हे वाक्य त्यांचंच. दिवसातून कितीदा तरी ते लोकांना ऐकवतात. मुलगी आमच्याकडे बघत राहिली. “पुन्हा पहिल्यापासून करा,” ताई तिला म्हणाली आणि आत जाऊन बसली.

दिवा लागला. साहेबांनी ठोकळा गालाशी धरला होता आणि ते काचेतून टॉवेलकडे बघत होते. मुलीनं आवाज वाढवला. दिवा लागत होता, विझत होता. साहेब टॉवेलकडे बघत होते. आता मुलगी हसत नव्हती. तिनं आवाजाची चकती फिरवत फिरवत नेली. पोर रडलं नाही, कंटाळलं नाही, ठोकळा गालाला चिकटवून आज्ञा येण्याची वाट बघत बसलं. बापाचं नाक दिसेना, म्हणून त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा टॉवेलकडे. चकती संपायला आली तेव्हा एका जाड, घोगऱ्या आवाजाला ते दचकलं आणि ठोकळा हातातून डब्यात पडला. तेवढंच काय ते शिल्लक होतं.

माझ्या हातातला टॉवेल ओला झाला होता. दया यायला हवी होती. नाही आली.

दवाखान्याच्या जिन्यात ताईनं विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

भाऊजी पायऱ्यांकडे बघत म्हणाले, “माहीत कुठं होतं? म्हणजे... खूण केली की करतो, एवढं दिसत होतं. मला वाटलं, आज ना उद्या सुरू होईल. लोक बहिरा म्हटले असते गं त्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मुठीत काय होतं, माहितेय?” ताई म्हणाली. “त्याची जीभ होती.”

त्यावर मात्र रेडिओ घरापर्यंत बंद होता.

साहेबांना दोन्ही कानांमागे यंत्रं बसली. लोकांना वाटतं यंत्र लावलं की पोर ऐकायला लागतं, जसं बटण दाबलं की पंखा. भाऊजींनाही तसंच वाटलं होतं. ते मोबाईल सुरू करून समोर उभे, पोराच्या आयुष्यातला पहिला आवाज टिपायला. पहिला आवाज अर्थातच त्यांचाच. पोरानं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. मला मनापासून पटलं.

मग सुरू झालं ते खरं काम, आणि ते ताईनं केलं. जे चिमणीनं माझ्या मशीनखाली खेळता खेळता फुकट मिळवलं होतं, ते याला एकेक करून द्यावं लागलं. आधी नुसतं एवढंच, की आवाज म्हणजे काहीतरी असतं. नळ सोडायचा, “ऐक” म्हणून कानाकडे बोट, बंद करायचा. दार, चमचा, शिटी. मग नाव. मग ताई तोंडासमोर पुठ्ठा धरायची, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि “चप्पल” म्हणायची. कितीतरी दिवस तो पुठ्ठ्याकडेच बघत बसला. एक दिवस उठला आणि चप्पल घेऊन आला. ताई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. त्यानंतर बरेच दिवस बूटही चप्पल, मोजाही चप्पल आणि माझ्या मशीनचं पायडलही चप्पल. पायात येतं ते सगळं चप्पल. चिमणी त्याला चिडवायची आणि सुधारायची, पण आता आधी हाक मारायची आणि मग पायाला हात लावायची. हळूहळू पायाला हात लावणं बंद झालं.

भाऊजींनी तोवर नवे आरसे बसवले. कडेनं दिवे असलेले. ताईनं फक्त एक अट घातली होती, की पोराची फळी आरशांकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून लावायची. ती त्यांनी पाळली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. परवा दुपारी सलून भरलेलं होतं, ताई पोराला न्यायला आली होती आणि मी नळावर होते. साहेब फळीवर बसून रस्त्यातली गाडी बघत होते. भाऊजींनी गिऱ्हाइकांना डोळा मारला, पोराच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात, कंगवा न हलवता, म्हणाले,

“साहेब, नाक कुठाय?”

साहेबांनी मान वळवली. नजर सरळ बापाच्या तोंडावर. ऐकलं होतं. कळलंही होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. सगळं सलून वाट बघत होतं. साहेबांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग बिस्किटाच्या पुड्याकडे पाहिलं, आणि जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाले,

“नको.”

त्याचा पहिला धड शब्द. ताईच्या हातातली पिशवी खाली पडली.

भाऊजींनी मोबाईल काढला. “बोलला! बोलला! परत म्हण. साहेब, इकडे बघा, परत म्हणा. नको, नको म्हणा. अहो थांबा, कुणी बोलू नका, परत म्हण ना रे राजा...”

साहेबांनी त्या मोबाईलकडे पाहिलं. मग दोन्ही हात वर नेले, कानांमागची दोन्ही यंत्रं एकेक करून काढली, बापाच्या पसरलेल्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसले.

रेडिओ बोलतच होता. ताईनं भाऊजींच्या हातातून यंत्रं उचलली, त्यांना चिकटलेले केस पुसले आणि पदराच्या टोकात बांधली.

“घरी गेल्यावर घालू,” ती म्हणाली आणि पोराला उचलून निघून गेली.